दोन माणसांची भाजीवही : आठव्या महिन्याची नोंद

जूनमध्ये सुरू केलेल्या भाजीवहीला, म्हणजे भाज्या-फळांच्या खरेदीच्या नोंदवहीला, आता आठवा महिना लागला आहे. जळगावात आई आणि मी असे दोघेच राहतो. ताजी फळे आणि भाज्या परवडतील अशा रीतीने घरात आणणे हा आमचा छंदच झाला असल्यामुळे, मागील नोंदीनंतर काय बदलले ते अशी वही ठेवणाऱ्या इतरांसाठी सविस्तर लिहीत आहे.

पहिले तीन महिने मी फक्त भाव टिपत होतो. सप्टेंबरपासून आणलेले वजन, निवडल्यानंतर उरलेले वजन आणि टाकून दिलेले वजन असे तीन रकाने आखले आणि तेव्हापासून वहीचा खरा उपयोग होऊ लागला. ऑगस्टमध्ये २० रुपये किलोने मिळतात म्हणून पाच किलो टोमॅटो घेतले होते, त्या वेळी किरकोळ भाव ३० रुपये होता. पावसाळी दमट हवेत ते तळापासून सडू लागले आणि प्रत्यक्षात जेमतेम २ किलो ९०० ग्रॅम वापरात आले. म्हणजे स्वस्त म्हणून घेतलेला टोमॅटो किलोमागे ३४ रुपयांहून महाग पडला. आता पाच किलो घ्यायचेच असतील तर शेजारच्या दोन घरांना आधी विचारतो आणि पिशवी घरात येण्यापूर्वीच वाटणी होते.

सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते केळ्यांत. रावेर-यावलच्या केळीपट्ट्याजवळ राहून केळी वाया जावीत याची मला मनापासून खंत वाटे. पण चौदा-पंधरा केळ्यांची फणी एकदम पिकते आणि दोन माणसे दिवसाला चारपेक्षा जास्त खात नाहीत, ही अडचण साधी असली तरी खरी होती. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि त्यामुळे शेजारचे फळही लवकर पिकते. म्हणून आता अर्धी फणी पिकलेली आणि अर्धी पूर्ण हिरवी अशी घेतो आणि हिरवी दुसऱ्या खोलीत, हवेशीर टोपलीत ठेवतो. हिरवी केळी फ्रिजमध्ये ठेवण्याची चूक ऑक्टोबरमध्ये केली होती. साधारण १३ अंशांच्या खाली केळ्याला थंडी बाधते, साल काळवंडते आणि नंतर बाहेर काढले तरी ते नीट पिकत नाही. पूर्ण पिकलेले केळे मात्र फ्रिजमध्ये सालीने काळे झाले तरी आतून दोन-तीन दिवस चांगले राहते. आखूड किंवा डाग पडलेल्या, व्यापारात वापसी म्हणून बाजूला निघणाऱ्या केळ्यांच्या फण्या कमी दरात मिळतात. त्या तत्काळ खाण्यासाठी आम्हाला उत्तम वाटतात, चवीत काहीही उणे नसते. याच इथिलीनमुळे केळ्यांशेजारी ठेवलेली कोथिंबीर आणि पालक लवकर पिवळे पडतात, त्यामुळे पालेभाजीची जागाही बदलली आहे.

पालेभाजीच्या बाबतीत दिवेलागणीनंतर बाजारात जाण्याचा सल्ला अनेक जण देतात. माझ्या वहीनुसार तो फक्त थंडीत लागू पडतो. डिसेंबरात सायंकाळची मेथी टवटवीत असते आणि विक्रेत्याला माल परत न्यायचा नसल्यामुळे एका जुडीच्या दरात दोन जुड्या मिळतात. ऑक्टोबरच्या उन्हात मात्र संध्याकाळपर्यंत पोकळा मान टाकतो आणि निवडल्यावर अर्धाही उरत नाही. तेव्हा सकाळी सातची फेरीच योग्य. मेथीच्या ४०० ग्रॅमच्या जुडीतून जाड देठ काढल्यावर १८० ते २०० ग्रॅम भाजी निघते. या हिशेबामुळेच गच्चीवर दोन पसरट कुंड्यांत घरातील मेथीदाणे पेरले. पंचवीस-तीस दिवसांत कोवळ्या देठासकट भाजी मिळाली, तिच्यातले काहीच टाकावे लागले नाही. कोथिंबिरीचे धणे हलक्या हाताने रगडून, दोन भाग करून पेरल्यावर उगवण समाधानकारक झाली.

चंपाषष्ठीनंतर भरीत सुरू झाले. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण मानांकनापूर्वीपासून आईची निवड बामणोद गावच्या हिरव्या वांग्यालाच आहे. आकाराच्या मानाने हलके वांगे घ्यावे, कारण जड वांग्यात बिया जास्त असतात, हे तिने शिकवले आणि वहीतील टाकाऊ वजनाच्या रकान्याने ते खरे ठरवले. अर्धा किलोचे एक वांगे, कांद्याची पात आणि मिरच्या एवढ्यात आमचे दोघांचे जेवण होते. पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर, वांगे भाजण्याची सोय शहरात नाही. गॅसवर भाजलेल्या भरताला तो धुराचा स्वाद येत नाही, आणि ही उणीव मला अजून भरून काढता आलेली नाही.

पपई, गंगाफळ (लाल भोपळा) आणि टरबूज ही दोघांसाठी मोठी पडणारी फळे आता अर्धी कापून देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घेतो. किलोमागे दोन-तीन रुपये अधिक द्यावे लागले तरी तीच खरेदी स्वस्त ठरते. गिलके (घोसाळे) आणि गवार मात्र पावशेरच घ्यायचे, हा नियम पहिल्या महिन्यापासून आहे तसाच ठेवला आहे.

पुढील काम मे महिन्याचे आहे. पारा ४४-४५ अंशांवर गेला की गच्चीवर वांग्याच्या चकत्या, गवार आणि कैरीच्या फोडी पातळ सुती कापडाखाली दोन-तीन दिवसांत कडकडीत वाळतात, आणि जुलैमध्ये भाज्या महागल्या की त्यांचा आधार होतो. आई हे वर्षानुवर्षे करत आली आहे. या वेळी ओले आणि वाळलेले वजन दोन्ही नोंदवण्यासाठी वहीत दोन नवे रकाने आखून ठेवले आहेत. कोथिंबिरीच्या कुंड्यांवर मार्चच्या आरंभीच हिरवी शेडनेट बांधणार आहे, कारण ऊन वाढले की ती लगेच फुलावर येते.