आमची वाटचाल: स्क्रूड्रायव्हरपासून ड्रायव्हरपर्यंत

कारखान्यातल्या टाक्यांखाली वजन मोजणारे जे लोडसेल असतात, त्यांचा बारीक सिग्नल वाढवणारे अँप्लिफायर बोर्ड आम्ही बनवतो. पहिल्या बोर्डांवर 25 फेऱ्यांचा ट्रिमपॉट (स्क्रूने फिरवायचा छोटा बदलता रेझिस्टर) होता: ओळखीचं वजन ठेवायचं, स्क्रूड्रायव्हरने गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, जुळवायचा, वर नेलपॉलिशचा ठिपका. कंपनाने तो तरीही सरकायचा. मग एमसीपी4551 हा डिजिटल पॉट, म्हणजे सॉफ्टवेअरने फिरवायचा पॉट, घेतला: 10 किलोओहम, आयटूसी या दोन तारांच्या बसवर, वायपरच्या (सरकत्या टोकाच्या) 0 ते 256 अशा 257 जागा.

पहिली चूक जागेची. आमच्या पहिल्या टप्प्यातल्या आयएनए125 अँप्लिफायर चिपचा गेन म्हणजे 4 + (60 किलोओहम भागिले आरजी); आरजी म्हणजे गेन ठरवणारा बाहेरचा रेझिस्टर. 300 गेनला आरजी येतो जेमतेम 203 ओहम. तिथे डिजिटल पॉट बसवला तर एक पायरीच 39 ओहमची, त्यात वायपरचे 75 च्या आसपास ओहम. जुळणार काय, कपाळ! आता आरजी 560 ओहमचा पक्का, म्हणजे गेन 111. पॉट पुढच्या नॉन-इन्व्हर्टिंग ऑपअँपच्या फीडबॅकमध्ये, दोन्ही बाजूंना 47 किलोओहम आणि वायपर इन्व्हर्टिंग पिनवर. दुसऱ्या टप्प्याचा गेन 1.82 ते 2.21, पायरी साधारण 0.075 टक्के. वायपरमधून करंट जवळजवळ जातच नाही, त्यामुळे त्याचा रेझिस्टन्स हिशेबातून बाद. पॉटचा 20 टक्के टॉलरन्स (छापील आकड्यापासूनचा फरक) मात्र राहतो. त्याने पल्ला थोडा कमीजास्त होतो, एवढंच.

सॉफ्टवेअरमध्ये आधी आयटूसीसेट या कमांडने थेट चिपचं रजिस्टर लिहायचो. आता लिनक्सच्या आयआयओचा (सेन्सर, पॉट वगैरे चिपसाठीच्या विभागाचा) एमसीपी4531 ड्रायव्हर वापरतो. त्यात 4551 पण येतो. डिव्हाइस ट्रीत (बोर्डावर कोणत्या चिप आहेत ते लिनक्सला सांगणाऱ्या फाइलीत) पत्ता आणि 'एमसीपी4551-103' असं चिपचं नाव दिलं की सिसएफएसमध्ये, म्हणजे ड्रायव्हरच्या फाइलींच्या फोल्डरात, रॉ (वायपरची जागा) आणि स्केल (एका पायरीचे ओहम) या फाइली दिसतात. रॉमध्ये आकडा लिहा, वायपर हलतो. चिप ड्रायव्हरच्या ताब्यात असली की बसवरच्या चिप शोधणाऱ्या आयटूसीडिटेक्ट कमांडमध्ये पत्त्याच्या जागी 'यूयू' येतं. ती चिप बिघडलेली नसते.

नावात घोटाळा झाला तर पकडायला अवघड, कारण चिपकडे स्वतःची ओळख सांगणारं रजिस्टर नाही. नावातले शेवटचे आकडे 103 (10 किलोओहम) ऐवजी 502 (5 किलोओहम) लिहिले तर स्केल 39.06 ऐवजी 19.53 दाखवतं आणि एररही येत नाही. 4551 ऐवजी 4531 लिहिलं तर 128 च्या वरचा आकडा 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणून परत येतो. आणि स्केल बरोबर असलं तरी तो छापील ओहम आहे, मोजलेला नाही. आम्ही कॅलिब्रेशनचे रॉ आकडेच जपतो.

वीज गेली की 4551 मधोमध, 128 वर उठतो. ईईपीरॉमवाला (वीज गेली तरी आकडा लक्षात ठेवणाऱ्या मेमरीचा) 4561 घेतला तरी हा ड्रायव्हर चालू वायपरच लिहितो, ईईपीरॉमला हात लावत नाही. म्हणून बूट होताना एक छोटी सर्व्हिस जपलेला आकडा परत लिहिते. ती 'आयआयओ डिव्हाइस 0' असा क्रमांक धरत नाही, नेम फाइल वाचून चिप शोधते. त्याच बोर्डावर एडीसी (सिग्नलचा आकडा करणारी चिप) पण आयआयओत आहे, आणि कोण आधी उठेल याचा भरवसा नाही.