गुडघ्यातले दोन टाके आणि दोन स्टिकर

मागच्या जुलैत लावणीच्या चिखलात पाय रुतला. अंग वळलं, पाय मात्र तिथंच राहिला आणि गुडघ्यात कट्‌ झालं. आमच्या खानापूर तालुक्यात लावणी थांबत नाही, मीही थांबलो नाही. तिसऱ्या दिवशी गुडघा अडकला तो सरळच होईना. बेळगावला एमआरआय केला. आतल्या बाजूची गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली होती. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं: गादीच्या बाहेरच्या कडेला रक्त पोचतं, तिथली फाट शिवली तर जुळते. आतल्या भागाला रक्त नाही, तिथलं बहुतेक वेळा कापूनच काढावं लागतं. माझी फाट कडेची निघाली. दुर्बिणीतून दोन टाके घातले, दुसऱ्या दिवशी घरी.

खरा त्रास त्यानंतरचा. पैसे आधी मी भरले होते, विम्याचा क्लेम मागून टाकला. काही दिवसांनी पत्र आलं, इम्प्लांटचं स्टिकर जोडा. मला वाटलं, इम्प्लांट म्हणजे गुडघा बदलतात ते. पण या टाक्यांच्या टोकाला बारीक प्लास्टिकचे खिळे असतात, ते आतच राहतात. तेही इम्प्लांटच. प्रत्येकाच्या पाकिटावर नंबराचं स्टिकर असतं.

पायाला पट्टा, काखेत कुबडी, आणि बसनं बेळगाव. बिलाच्या काउंटरवर म्हणाले रेकॉर्डला जा. रेकॉर्डवाला फाइल न उघडताच म्हणाला, "नाळे बन्नी." उद्या या! सव्वीस किलोमीटरवरून आलेल्या माणसाला! दुसऱ्या खेपेला फाइल मिळाली, स्टिकर नाही. त्या दिवशी जिन्याच्या पायरीवर बसून डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या खेपेला ऑपरेशन थिएटरच्या दारात एक सिस्टर भेटली. "काका, असला पाय घेऊन कशाला आलासा?" म्हणत तिनं रजिस्टर उघडलं. माझ्या नावापुढं अंगठ्याएवढी दोन पांढरी स्टिकरं, लॉट नंबर, मुदतीची तारीख, सगळं होतं. तिनं झेरॉक्स काढून शिक्का मारून दिला. पाच मिनिटांचं काम. त्या माउलीचे उपकार मी विसरणार नाही.

म्हणून डिस्चार्जच्या आधीच स्टिकरची प्रत आणि इम्प्लांटचं वेगळं बिल मागून घ्या, मिळाल्याशिवाय उठू नका. किमतीवरूनही मी वाद घातला होता. 2017 साली सरकारनं दरमर्यादा घातली ती गुडघा बदलण्याच्या इम्प्लांटवर, टाक्यांच्या सामानावर नाही, हे तेव्हा कळलं. तेव्हा खिळे किती लागतील, एकाची किंमत काय, हे आधीच विचारा.

क्लेम मंजूर झाला. पट्टा सहा आठवडे होता.

आणि हो, घरी कमोड नसेल तर कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधी आणून ठेवा. मला चार महिने उकिडवं बसायला मनाई होती, आणि ही खुर्ची आणायचं आम्हाला घरी आल्यावर, रात्री सुचलं.