सगळ्यांची गाडी एकच, मग शर्यत कशाची? (तुम्ही विचारलेत म्हणून)

वीज आणि यंत्रे हे विषय शिकवणे हा माझा व्यवसाय, राहणे ठाण्यात, आणि मोटारशर्यतींची आवड शाळकरी वयापासूनची. त्यामुळे विद्यार्थी, शेजारी, अगदी सोसायटीच्या आवारात चार्जिंग पॉइंट बसवावा की नाही या चर्चेसाठी जमलेले सभासदसुद्धा मला एक प्रश्न हमखास विचारतात: एकाच कंपनीच्या, एकाच बनावटीच्या आणि त्याही विजेवर चालणाऱ्या गाड्यांची शर्यत तुम्ही अख्खा हंगाम बघता, त्यात बघण्यासारखे असते तरी काय? गाडी सारखीच, इंजिनाचा आवाजही नाही, मग कोण का जिंकले हे कळायचे कसे? प्रश्न रास्त आहे आणि उभ्या उभ्या त्याचे उत्तर नीट देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

उत्तरासाठी मी जॅग्वार आय-पेस ई-ट्रॉफी या मालिकेचा 2018-19 चा पहिला हंगाम घेतो. जॅग्वार ही 2008 मध्ये टाटा मोटर्सने विकत घेतलेली कंपनी असल्यामुळे तिचे नाव आपल्याकडे परके राहिलेले नाही. आय-पेस ही तिची विजेवर चालणारी गाडी, त्या काळी दुकानात विकत मिळणारी. तीच गाडी आतून रिकामी करून, सुरक्षेसाठी पोलादी पिंजरा बसवून शर्यतीला उतरवली गेली, मात्र चाके फिरवणाऱ्या विजेच्या मोटारी आणि 90 युनिट क्षमतेची बॅटरी रस्त्यावरच्या गाडीचीच ठेवली. फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खास शर्यती गाड्यांची जागतिक मालिका, ज्या शहरांत जाई, त्यांपैकी बहुतेक शहरांत, त्याच ट्रॅकवर, त्याच शनिवार-रविवारी ही शर्यत होत असे. गाड्यांची बांधणी आणि देखभाल आयोजकांकडे होती. ड्रायव्हरने यायचे आणि चालवायचे. त्यामुळे कोणत्याही संघाला पैशाच्या जोरावर वेगळी मोटार किंवा हलके सुटे भाग बसवण्याची वाट मोकळी नव्हती.

नेमके येथेच पाहणाऱ्याचे काम सुरू होते. ज्या शर्यतींत प्रत्येक संघ आपली गाडी आपण बनवतो, तेथे पुढे गेलेल्या माणसाच्या यशात कारखान्याचा वाटा किती आणि त्याचा स्वतःचा किती, हे वेगळे काढता येत नाही. एकाच बनावटीच्या हंगामात तो गुंता बराचसा सुटतो. या मालिकेत तर व्यावसायिक आणि हौशी असे दोन गट एकाच वेळी, एकाच ट्रॅकवर, एकाच गाडीत धावत असत. सारखीच गाडी एका वळणावर एकाच्या हातात अलगद वळते आणि दुसऱ्याच्या हातात भिंतीकडे सरकते, हे डोळ्यांना दिसते, आणि तो फरक कशाने पडला हे शोधावेसे वाटते.

तो फरक बहुतेक वेळा ब्रेकमध्ये असतो. ही गाडी शर्यतीसाठी हलकी करूनही जवळपास दोन टनांची राहिली आणि तिचा कमाल वेग ताशी 195 किलोमीटर होता. दोन टनांची वस्तू त्या वेगाने धावत असताना तिच्यात किती ऊर्जा साठलेली असते, हे मी वर्गात फळ्यावर मांडून दाखवतो. महावितरणच्या बिलावर जे युनिट छापलेले असते त्या मापाने ती सुमारे 0.8 युनिट भरते. वळणासाठी वेग 60 वर आणायचा म्हणजे यातली नव्वद टक्के ऊर्जा काही सेकंदांत कोठेतरी घालवायची. पेट्रोलच्या गाडीत ती सगळी ब्रेकच्या चकत्या तापवण्यात जाते. विजेच्या गाडीत मोटार उलटे काम करून जनित्र बनते आणि ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत जातो. पण काठोकाठ भरलेली किंवा फार तापलेली बॅटरी परतीचा प्रवाह हात आखडूनच घेते, त्यामुळे विजेच्या गाडीत मोटारीमुळे मिळणारे ब्रेकचे बळ सर्व वेळ सारखेच राहील हे गृहीत धरता येत नाही. ब्रेक कधी आणि किती जोराने दाबायचा हा हिशेब ड्रायव्हरला पायाच्या तळव्याने करावा लागतो. मला या शर्यतींत सर्वांत जास्त रस आहे तो यात.

दुसरा हिशेब बॅटरीचा. या गाडीची ताकद 294 किलोवॅट होती (एक किलोवॅट ताकद तासभर वापरली की एक युनिट होते). शर्यत 25 मिनिटे आणि एक फेरी एवढीच. ती ताकद 25 मिनिटे अखंड वापरली तर सुमारे 122 युनिट लागतील, आणि बॅटरीत आहेत 90. अर्थात शहरातल्या वळणावळणांच्या ट्रॅकवर पूर्ण ताकद सलग वापरायला मिळतच नाही, म्हणून शर्यत पुरी होते. शिवाय वजनामुळे प्रत्येक वळणावर टायर रगडले जातात, आणि सुरुवातीच्या फेऱ्यांत हौसेने टायर तापवून बसलेल्याला शेवटच्या पाच मिनिटांत मागच्याला वाट द्यावी लागते.

हे सारे बहुतेक ठिकाणी शहरातल्या रस्त्यांवर, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती असताना चालत असे. रात्री नवी मुंबईतल्या पाम बीच मार्गावर गाड्या पळवणाऱ्यांविषयी माझे विद्यार्थी कधी कधी कौतुकाने बोलतात, तेव्हा मी त्यांना हे ट्रॅक दाखवतो. तेथे रस्ता बंद केलेला असतो, प्रत्येक वळणावर झेंडेवाले मार्शल उभे असतात, रुग्णवाहिका तयार असते आणि समोरून येणारा कोणीही नसतो. या चार गोष्टींशिवाय जे घडते त्याला मी शर्यत म्हणत नाही, आणि विद्यार्थ्यांनीही म्हणू नये असा माझा आग्रह आहे.

पहिला हंगाम 15 डिसेंबर 2018 रोजी सौदी अरेबियातील अद दिरियाह येथे सुरू झाला. ती शर्यत न्यूझीलंडच्या सायमन इव्हान्सने जिंकली. त्याचा भाऊ मिच त्याच वेळी फॉर्म्युला ईमध्ये जॅग्वारसाठी धावत होता आणि त्याने पुढे एप्रिल 2019 मध्ये रोममध्ये त्या संघाला पहिला विजय मिळवून दिला. नंतर मेक्सिको सिटी, हाँगकाँग, सान्या, रोम, पॅरिस, मोनॅको, बर्लिन अशी वारी करत हंगाम जुलै 2019 मध्ये न्यूयॉर्कला संपला. विजेतेपद ब्राझीलच्या सर्जिओ जिमेनेझने मिळवले, तर हौशी गटात सौदी अरेबियाचा बंदर अलएसाई पहिला आला. पहिली शर्यत जिंकणारा इव्हान्स त्या वर्षी विजेता झाला नाही; तो झाला पुढच्या हंगामात. सारख्या गाड्यांच्या हंगामात एका दिवसाच्या चमकेपेक्षा दर शर्यतीत गुण गोळा करत राहणे अधिक मोलाचे ठरते, आणि म्हणून अशी मालिका एखाद-दुसरी शर्यत बघून कळत नाही.

दुसऱ्या हंगामातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. प्रत्येक ठिकाणी एक गाडी पाहुण्या ड्रायव्हरसाठी राखून ठेवलेली असे. नोव्हेंबर 2019 मध्ये दिरियाह येथे ती गाडी रीमा जुफालीने चालवली. सौदी अरेबियात स्त्रियांना साध्या रस्त्यावर गाडी चालवण्याची मुभा मिळाली ती जून 2018 मध्ये. त्यानंतर दीड वर्षाच्या आत त्या देशाची एक मुलगी आपल्याच भूमीवर आंतरराष्ट्रीय मालिकेत, बाकीच्यांच्या तोडीच्या गाडीत बसून शर्यत धावत होती. गाडी एकच असल्यामुळे तिला दुय्यम यंत्र मिळाले अशी शंका घ्यायलाही जागा उरली नव्हती.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो की ही सारी कंपनीची जाहिरात होती. होतीच. वीसपर्यंत गाड्या धावू शकतील अशी तयारी असूनही प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच कमी गाड्या उतरत, आणि कोविडच्या काळात, मे 2020 मध्ये, दुसऱ्या हंगामानंतर मालिका थांबवण्याचे जाहीर झाले. ऑगस्टमध्ये बर्लिनच्या टेंपलहोफ विमानतळावर उरलेल्या शर्यती उरकून ती संपली. एकाच कंपनीच्या खांबावर उभ्या राहिलेल्या मालिकेचा हा खरा दोष आहे. याउलट फॉर्म्युला ईचे पाहा. 2014-15 च्या पहिल्या हंगामात तेथेही सगळ्यांना एकच गाडी होती, बॅटरी पुरत नसल्यामुळे प्रत्येक ड्रायव्हर शर्यतीच्या मध्यावर दुसऱ्या गाडीत उडी घेत असे, आपली महिंद्रा त्यात उतरली होती आणि करुण चंडोक तिच्याकडून धावला होता. त्या हंगामात नेल्सन पिके ज्युनियर अवघ्या एका गुणाने विजेता ठरला. दुसऱ्या वर्षापासून संघांना गाडीची चाके फिरवणाऱ्या मोटारी स्वतः बनवण्याची परवानगी मिळाली, निरनिराळ्या कंपन्या आल्या आणि मालिका टिकली. ई-ट्रॉफीतही दुसऱ्या एखाद्या कंपनीला दार उघडले असते तर ती आणखी काही वर्षे चालली असती, असे माझे मत आहे.

तेव्हा ज्यांना बघायची इच्छा आहे त्यांनी सुरुवात दिरियाहच्या पहिल्या शर्यतीपासून करावी. पहिल्या खेपेला कोण पुढे आहे याकडे लक्ष देऊ नये. एखादे तीव्र वळण निवडावे आणि प्रत्येक गाडीचे मागचे लाल दिवे भिंतीवरच्या कोणत्या खुणेपाशी लागतात तेवढेच दर फेरीला पाहावे. दहा फेऱ्यांत कोणाची खूण हलते आणि कोणाची जागच्या जागी राहते, हे दिसू लागले की पुढचे प्रश्न तुम्ही मला वेगळे विचाराल.