प्राइम खरा, पण p−1 कच्चा

माझं काम सिक्युरिटी ऑडिटचं, म्हणजे दुसऱ्याच्या कोडमध्ये खुसपटं काढायची आणि वर त्याचे पैसे घ्यायचे. त्या दिवशी एका प्रॉडक्टचं की एक्स्चेंज बघत होते, म्हणजे दोघांनी उघड्यावर आकडे पाठवून एक गुप्त किल्ली ठरवायची, साधं डिफी-हेलमन पद्धतीचं, त्याला एक मोठा प्राइम लागतो, आणि कोडमध्ये 617 आकडी नंबर थेट चिकटवलेला. असं काही दिसलं की आधी तो प्राइम आहे का ते बघायचं, कारण 2016 मध्ये सोकॅट नावाच्या टूलमधला 1024 बिटचा नंबर चक्क प्राइम नव्हताच असं निघालं होतं. मिलर-रॅबिन ही प्राइम ओळखायची चाचणी लावली, पास.

डेव्हलपर कॉलवर होता, तो म्हणाला मॅडम मिलर-रॅबिन फक्त 'बहुतेक प्राइम' सांगते, माझ्याकडे पक्कं प्रूफ आहे. आणि खरंच होतं! तो नंबर p धरला आणि p−1 चे सगळे मूळ अवयव माहीत असले तर ल्युकासच्या जुन्या पद्धतीने p प्राइम आहे हे सिद्ध करता येतं, म्हणून पठ्ठ्याने उलटं केलेलं, छोटे छोटे प्राइम गुणत जायचे, शेवटी त्यात 1 मिळवायचा, जमलं नाही तर एखादा अवयव बदलायचा. डोकं भारीच, पण सगळ्यात मोठा अवयव किती विचारलं तर सहा आकडी, आणि मी कपाळाला हात लावला.

छोट्या नंबरवर सांगते. 2521 प्राइम आहे, 2520 = 8×9×5×7. g हा ठरलेला उघड आकडा, x सिक्रेट, आणि g^x ला p ने, इथे 2521 ने, भागून उरलेली बाकी म्हणजे पब्लिक व्हॅल्यू. ती दिलीय, x लपवलाय. g^x चा 360 वा (2520÷7) घात घेतला की 2521 ने भागून सातच वेगळ्या बाक्या शक्य उरतात, म्हणजे x ला 7 ने भागल्यावर काय उरतं ते कळलं. तसंच 8, 9, 5 साठी, मग चायनीज रिमेंडर थिअरमने सगळं जोडलं की x हातात. 2520 शक्यतांऐवजी फार तर 29 तपासायच्या. पोहलिग-हेलमन, 1978 चा पेपर, काही नवीन नाही. आता 2579 घ्या, 2578 = 2×1289 आणि 1289 स्वतः प्राइम, तिथे छोटे तुकडेच पडत नाहीत.

त्याला म्हटलं तुझा सिक्रेट तुझ्याकडेच ठेव, फक्त पब्लिक व्हॅल्यू पाठव. स्क्रिप्टने काही सेकंदात सिक्रेट काढून दिला. तो गप्प, मग म्हणाला, "पण प्राइम तर आहे ना?" आहे की, p बद्दल तक्रारच नाही, ज्या गोष्टीने तुझं प्रूफ सोपं झालं तिनेच कुलूप उघडलं.

नवा नंबर शोधत बसलो नाही, आरएफसी 3526 या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजातला 2048 बिटचा घेतला. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत 0 ते 9 आणि ए ते एफ वापरून लिहिला की, सुरुवातीला सोळा एफ, शेवटी सोळा एफ, मधे पायचे (π) अंक. पाय कशाला, हा त्याचा पुढचा प्रश्न. म्हटलं, म्हणजे कुणी मुद्दाम कच्चा नंबर निवडून खपवला अशी शंका नको, पायचे अंक कुणाच्या मर्जीने बदलत नाहीत. फक्त त्यात 124476 मिळवलाय, कारण p आणि (p−1)/2 दोन्ही एकदम प्राइम यायला हवे होते. यावेळी त्याने p−1 आधी तपासला, मग बदल मुख्य कोडमध्ये मर्ज केला.