हौदाची पातळी, भाग 4: शेवटचे 6 बाईट कुठं गेले

मागच्या वेळी लिहिलं होतं की ईएसपी32 (छोटा कंट्रोलर बोर्ड) वायफायला जोडलाय, हौदावरचा अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून, म्हणजे इकोवरून, पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा) आकडा द्यायलाय, आता फक्त तो आकडा घरातल्या जुन्या लॅपटॉपवर पाठवायचा राहिलाय. "फक्त" म्हणलो होतो मी. तीन रात्री गेल्या त्यात.

लॅपटॉपवर फ्लास्क (पायथनमध्ये वेब सर्व्हर लिहायचं साधन) बसवलाय, त्याला रिक्वेस्टच्या बॉडीत, म्हणजे मुख्य मजकुरात, जेसन (डेटा लिहायची एक ठरलेली पद्धत) पाहिजे. पहिल्यांदा पायथनच्या डिक्शनरीची (नाव आणि किंमत अशा जोड्यांची) सरळ स्ट्रिंग करून पाठवली, तिच्यात सिंगल कोट येतात आणि जेसनला डबलच चालतात, झालं 400, म्हणजे सर्व्हर म्हणतोय रिक्वेस्टच चुकलीय. मग डम्प्स (डिक्शनरीचं जेसन करणारं फंक्शन) लावलं तर 415, कारण बॉडी कसल्या प्रकारची ते सांगणारं कंटेंट-टाईपचं हेडरच विसरलो. हे सगळ्यांचंच होतंय, सोडा.

खरा घोळ पुढं झाला. मला हौस म्हणून लायब्ररी न वापरता सॉकेटवर (थेट नेटवर्कच्या जोडणीवर) रिक्वेस्ट हातानं लिहायची होती, म्हणजे वर पोस्टची ओळ, मग होस्ट, कंटेंट-टाईप, कंटेंट-लेंथ (बॉडी किती लांब ते), एक रिकामी ओळ आणि खाली बॉडी. लॅपटॉपच्या पायथनमधून चालवलं, 200, म्हणजे सगळं ठीक. तोच कोड ईएसपीवर मायक्रोपायथनमध्ये (छोट्या बोर्डांसाठीचं पायथन) टाकला, 400. बॉडीतलं जागेचं नाव "हौद" काढून इंग्रजीत टँक लिहिलं की ईएसपीवरूनपण 200! रात्री साडेबाराला असं झालं की माणूस वायरीच हलवत बसतो, मीपण बसलो.

शेवटी सर्व्हरवर आलेली बॉडी जशीच्या तशी छापली तर तिचं शेपूटच तुटलेलं, शेवटचा महिरपी कंस गायब, मोजलं तर बरोबर 6 बाईट कमी. तेव्हा ट्यूब पेटली. कंटेंट-लेंथमध्ये मी स्ट्रिंगची लेंथ टाकत होतो आणि तिथं पाहिजेत बाईट. "हौद" आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पायथनला तीन (ह, औकाराची मात्रा, द), आणि यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाईटमध्ये लिहायची पद्धत) यातल्या प्रत्येकाला 3 बाईट म्हणजे 9. सर्व्हरनं मी सांगितलं तेवढंच वाचलं, त्याची काय चूक.

मग लॅपटॉपवर कसं चाललं? तर मोठं पायथन डम्प्स करताना मराठी तसंच ठेवत नाही, ह चं बॅकस्लॅश यू 0939 करून टाकतंय, सगळं आस्की (साधी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि खुणा, एकेक बाईटची), त्यामुळं लेंथ आणि बाईट सारखेच भरतात. मायक्रोपायथन मराठी तसंच ठेवतंय. आता आधी एन्कोड करून बाईट बनवतो, त्यांचीच लेंथ हेडरमध्ये टाकतो आणि तेच बाईट पाठवतो. एका ओळीचा फरक.

अजून एक. सेन्सरला इको मिळाला नाही की मी 0 पाठवत होतो, आणि आपल्याकडं अंतर 0 म्हणजे पाणी पार सेन्सरला टेकलं. आबांनी स्क्रीनवर "फुल्ल" बघून मोटार बंद केली, हौद अर्धाच. आता तिथं नन (पायथनमधलं "काहीच नाही") टाकतो, जेसनमध्ये त्याचं नल होतंय, आणि स्क्रीनवर "माहीत नाही" दिसतंय. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेल्या लातूरकराच्या घरात अर्ध्या हौदाला फुल्ल म्हणणं म्हणजे शिव्या खायचंच काम.

आबा म्हणायलेत, "माहीत नाही हेच सांगायचं आसंल तर काडी घालून बघितलेलं काय वाईट रं?" काडी अजून हौदाजवळच ठेवलीय त्यांनी.

पुढच्या भागात लाईट गेल्यावर राऊटर बंद पडतंय तेवढ्या वेळातले आकडे साठवून नंतर एकदाच ॲरे (यादी) करून पाठवायचं बघायलोय. कुणी केलं असंल तर एका वेळी किती आकडे पाठवता ते सांगा.