गाणे बंद झालेला मठ

जर्मनीत नाहे नदी जिथे ऱ्हाईनला मिळते, तिथे बिंगेनजवळ रुपर्ट्सबर्गचा मठ होता. ११७८ साली त्या मठाच्या दफनभूमीत एका सरदाराला पुरण्यात आले. चर्चने त्याला पूर्वी बहिष्कृत केले होते, म्हणून माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी त्याचे प्रेत उकरून पवित्र भूमीबाहेर टाकण्याचा हुकूम पाठवला. मठाची प्रमुख हिल्डेगार्ड तेव्हा ऐंशी वर्षांची होती. मरण्यापूर्वी त्या माणसाने पापकबुली दिली होती आणि त्याला क्षमा व ख्रिस्तप्रसादही (ख्रिस्ताचे शरीर मानून दिली जाणारी पवित्र भाकर) मिळाला होता, असे सांगून तिने हुकूम मानण्यास नकार दिला. त्याची शिक्षा साऱ्या मठाला झाली: मिस्सा ही चर्चची मुख्य उपासना बंद, ख्रिस्तप्रसाद बंद, आणि नित्याच्या प्रार्थना दारे लावून, हलक्या आवाजात, नुसत्या वाचायच्या, गायच्या नाहीत.

संत बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमाने चालणाऱ्या मठात दिवसरात्र मिळून आठ वेळा स्तोत्रे गायिली जात, हे लक्षात घेतले म्हणजे ती शांतता किती जड असेल याची थोडी कल्पना येते. शिवाय हा मठ ज्या स्त्रीने उभा केला, तिने स्वतः सत्तरहून अधिक धर्मगीते रचली होती.

१०९८ मध्ये एका सरदार घराण्यात तिचा जन्म झाला. आईवडिलांनी तिला लहानपणीच देवाला वाहिले, आणि १११२ मध्ये डिसिबोडेनबर्गच्या साधूंच्या मठात युट्टा नावाच्या तपस्विनीसोबत ती एकांतवासात बंद झाली. ११३६ मध्ये युट्टा वारली आणि तिथल्या भगिनींनी हिल्डेगार्डला आपली प्रमुख निवडले. तिला लहानपणापासून दर्शने होत. ती स्वप्नात किंवा भान हरपून नव्हे, तर जागेपणी आणि उघड्या डोळ्यांनी होतात, असे ती आवर्जून सांगते. ती कित्येक वर्षे याबद्दल फारसे बोलली नाही. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ‘जे पाहतेस ते लिही’ अशी आज्ञा तिला झाली, आणि फोलमार या साधूच्या मदतीने सुमारे दहा वर्षांत ‘स्किव्हियास’ हा सव्वीस दर्शनांचा ग्रंथ तयार झाला. तो अपुरा असतानाच पोप तिसरा युजीन याने त्यातला काही भाग पाहून तिला लिहीत राहण्यास सांगितले.

तिने स्त्रियांचा स्वतंत्र मठ काढायचे ठरवले तेव्हा डिसिबोडेनबर्गच्या मठाधिपतीने विरोध केला. ती अंथरुणाला खिळली आणि जागची हलेना. अखेर त्याला परवानगी द्यावी लागली. ११५० च्या सुमारास ती आपल्या भगिनींना घेऊन रुपर्ट्सबर्गला आली. हल्ली तिच्या नावाने काढे आणि आहारपद्धती खपतात. तिने वनस्पतींवर आणि रोगांवर लिहिले हे खरेच आहे, पण तिची खरी ओळख मला तिच्या गाण्यातच होते. त्या काळच्या चर्चमधली गाणी सहसा मोजक्या सुरांत फिरत; हिल्डेगार्डचे सूर मात्र एकदम उंच झेपावतात, कधी दीड सप्तकाच्याही पलीकडे जातात. ‘ओर्दो व्हिर्तुतुम’ या तिच्या संगीत नाटकात आत्मा गातो, सद्गुण गातात. एकटा सैतान नुसता बोलतो, ओरडतो. त्याला गाता येत नाही.

बंदीच्या काळात तिने माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांना जे पत्र लिहिले, ते मला या नाटकाचाच पुढचा अंक वाटते. पापापूर्वी पहिला माणूस आदाम याचा आवाज देवदूतांच्या स्तुतीत मिसळलेला होता, आणि माणूस गाऊन तो हरवलेला सूर पुन्हा शोधतो. म्हणूनच सैतानाला हे गाणे सहन होत नाही, असे ती त्यात मांडते. पुढे ती स्पष्ट बजावते की, पुरेशा कारणावाचून जे देवाची स्तुती बंद पाडतात, त्यांना स्वर्गातल्या स्तुतीत स्थान मिळणार नाही. आयुष्यभर चर्चशी निष्ठा राखलेल्या, ऐंशी वर्षांच्या, आजारी स्त्रीने हे आपल्या वरिष्ठांना लिहावे, याचे मला प्रत्येक वाचनात नव्याने नवल वाटते.

तिने कबर उघडू दिली नाही. माइन्झचा आर्चबिशप ख्रिस्तियान तेव्हा इटलीत होता. त्याच्यापर्यंत प्रकरण पोहोचले, आणि मार्च ११७९ मध्ये बंदी उठली. १७ सप्टेंबर ११७९ रोजी हिल्डेगार्डने देह ठेवला. मधले सहा महिने रुपर्ट्सबर्गच्या प्रार्थना पुन्हा गायिल्या जात होत्या.