तांब्याच्या तारेने शिवलेली होडी

आज रविवारी कळंब्यातील आमच्या घरामागच्या शेडमध्ये, गेले चार महिने केवळ कागदावर असलेल्या आमच्या होडीला पहिल्यांदा आकार आला. मी आणि माझे मेहुणे दोघेही सुतारकामात नवखे. पण सहा मिलिमीटर जाडीच्या मरीन प्लायचे, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचे, तुकडे कडेला कड लावून आम्ही तांब्याच्या तारेने टाके घालत गेलो, पक्कडीने एकेक पीळ आवळत गेलो, आणि ती सपाट शीट हळूहळू वळून होडीचे पोट दिसू लागले, तेव्हा काही वेळ दोघेही बोललोच नाही. ब्रिटनमध्ये १९६३ साली आलेली ‘मिरर’ ही होडी हौशी लोकांनी याच पद्धतीने घरी बांधली आणि अशा ७०,००० हून अधिक होड्या तयार झाल्या.

डाव्या बाजूचे एक भोक मी कडेच्या फार जवळ पाडले होते. तार आवळताच प्लायचा वरचा थर उचकटला. मनाला फार लागले. मेहुण्यांनी शांतपणे शेजारी नवे भोक पाडून दिले.

आता सांध्यांत इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या गोंदात कालवलेला लाकडाचा बारीक भुसा भरून त्यावर फायबरग्लासची पट्टी बसवायची आहे. उकाड्यात हे मिश्रण वाटीतच घट्ट होते, म्हणून ते काम पहाटे, थोडे थोडे कालवूनच करणार आहोत.

संध्याकाळी आई आली, होडीच्या काठावरून हात फिरवत म्हणाली, “हिला हळदकुंकू कधी लावायचं?”